मक्याच्या शेतातील तणनाशक : तण मरते, मग मका का वाचतो?

मृगाचा नाहीतर आर्द्राचा पाऊस बऱ्यापैकी झाला, जमिनीत ओल बसली, की नाशिक, जळगाव, धुळे, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत मक्याची पेरणी सुरू होते. पेरणीनंतर एक-दोन दिवसांत अशा एखाद्या शेताच्या बांधावर उभे राहिलात, तर एक दृश्य पुष्कळदा दिसेल. पाठीवर पंप अडकवलेला माणूस समोरची जमीन फवारीत एकेक पाऊल मागे सरकत असतो. शेतात अजून ना पीक उगवलेले, ना तण. तो फवारतो ती नुसती ओली माती!

तीन-चार आठवड्यांनी त्याच बांधावर पुन्हा या. मका गुडघ्याला लागलेला असतो आणि दोन ओळींमधील जमीन बरीचशी मोकळी असते. शेजारच्या न फवारलेल्या तुकड्यात मात्र माठ, घोळ, कुंजरू यांची दाटी झालेली असते. आता जरा विचार करा. मका ही वनस्पती, माठ हीसुद्धा वनस्पतीच. दोघांची मुळे त्याच मातीत, दोघे प्याले तेच पाणी आणि त्या पाण्यात विरघळलेले तेच विष. मग माठ मेला आणि मका जगला, हे कसे?

शेतकऱ्याला विचारले तर तो म्हणेल, "अहो, ते मक्याचंच औषध आहे." (विषाला औषध म्हणण्याची आपली ही रीत मोठी गमतीची आहे, आणि थोडी धोक्याचीही.) दुकानातून पुडा आणण्यापुरते हे उत्तर पुरेसे आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र त्यावर समाधान मानू नये.

पहिले चाळीस दिवस

मक्याच्या दोन ओळींत साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. पुढे हे पीक पुरुषभर उंच होते आणि आपल्या सावलीने खालच्या तणाला डोके वर काढू देत नाही. परंतु पहिले महिना-सव्वा महिना त्याची वाढ सावकाश असते, आणि ओळींमधील रिकाम्या पट्ट्यावर ऊन, पाऊस आणि आपण घातलेले खत या तिन्हींचा लाभ तणाला अगदी आयता मिळतो. या काळात तण काढले नाही तर उत्पन्नाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, हातचा जातो. पुढे कितीही खुरपले तरी ती तूट भरून निघत नाही.

खुरपणी आणि कोळपणी हे यावरचे जुने उपाय, आणि ते आजही उत्तमच आहेत. अडचण अशी, की नेमक्या याच दिवसांत पावसाची झड लागली तर आठ-आठ दिवस शेतात पाऊल घालता येत नाही. आणि वाफसा आला की गावातील सगळ्यांनाच खुरपणीला बायका एकाच दिवशी हव्या असतात. तणनाशकाचा पंप शेतात आला तो या अडचणीतून.

दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच २,४-डी हे तणनाशक बाजारात आले. ते वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकाचे सोंग घेते. रुंद पानांची तणे त्यामुळे वेडीवाकडी वाढून मरतात, गवतवर्गीय वनस्पतींना मात्र त्याची फारशी बाधा होत नाही. मका हा गवताच्याच कुळातला, म्हणून तो वाचतो. पण त्याच न्यायाने मक्यातील गवतेही वाचतात! ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढणारे रसायन स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडले. हान्स गिझिन आणि एन्रिको क्नुस्ली हे तेथील रसायनशास्त्रज्ञ ट्रायाझीन नावाच्या संयुगांवर काम करीत होते. त्यातून प्रथम सिमाझीन आणि पाठोपाठ १९५८ च्या सुमारास ॲट्राझीन बाजारात आले. अमेरिकेतील आयोवा, इलिनॉय, नेब्रास्का या मक्याच्या पट्ट्यात ते झपाट्याने पसरले. आपल्या शेतकऱ्याच्या पंपात बहुधा असते ते हेच. हरळी आणि लव्हाळा मात्र त्यालाही फारशी दाद देत नाहीत. ती दोन्ही तणे जमिनीखालच्या खोडांतून आणि गाठींतून पुन्हा पुन्हा फुटतात.

रुमाल टाकून अडवलेली जागा

ॲट्राझीन मातीत पडते, ओलीत थोडे थोडे विरघळते, आणि मुळांनी शोषलेल्या पाण्याबरोबर वर पानात जाते. गंमत अशी की, ते बी उगवू देते. माठाचे रोप चांगले हिरवेगार वर येते, दोन-चार पाने फुटतात, आणि मग खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळू लागतात. म्हणजे घाव पडतो तो मुळावर नाही आणि खोडावरही नाही. तो पडतो प्रकाशसंश्लेषणावर.

येथे आमच्या पदार्थविज्ञानाचा संबंध येतो. सूर्यप्रकाशातील तांबड्या रंगाचा एक फोटॉन घ्या. तरंगलांबी ६८० नॅनोमीटर. प्लांकच्या स्थिरांकाला प्रकाशाच्या वेगाने गुणून तरंगलांबीने भागले, की या फोटॉनची ऊर्जा येते सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पानातील हरितद्रव्याचा विशिष्ट रेणू एवढी ऊर्जा मिळाली की उत्तेजित होतो आणि आपला एक इलेक्ट्रॉन पुढच्या रेणूच्या हवाली करतो. तो त्याच्या पुढच्याला देतो. पाण्याची बादली हातोहात पुढे द्यावी तसा हा प्रकार चालतो. या साखळीत एका ठिकाणी एका प्रथिनात एक जागा असते. क्विनोन वर्गातील एक हलता रेणू त्या जागेवर येऊन बसतो, दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि उठून जातो; मग दुसरा येऊन बसतो. दिवसभर ही ये-जा चालू असते.

एस.टी. स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवणारे लोक तुम्ही पाहिले असतील. रुमाल प्रवास करीत नाही आणि दुसऱ्याला बसूही देत नाही. ॲट्राझीनचा रेणू नेमके हेच करतो. क्विनोनच्या जागेवर तो जाऊन बसतो. पण इलेक्ट्रॉन मात्र घेत नाही. साखळी तेथेच तुटते.

मग तण उपासाने मरते काय? प्रथमदर्शनी तसे वाटते, पण उपासाने झाड इतक्या लवकर मरत नाही. साखळी तुटली तरी सूर्य काही थांबत नाही. फोटॉन येतच राहतात, हरितद्रव्य उत्तेजित होतच राहते, आणि ती ऊर्जा खर्च करायला वाट उरत नाही. अशा वेळी ती जवळच्या ऑक्सिजनला मिळते आणि ऑक्सिजनचे एक अत्यंत आक्रमक रूप तयार होते. ते पेशीच्या पटलांतील स्निग्ध द्रव्ये आणि खुद्द हरितद्रव्यही जाळत सुटते. थोडक्यात, तणाचा प्राण घेतो तो त्याला पोसणारा सूर्यप्रकाशच. ॲट्राझीन फक्त दार लावून घेते.

मक्याची करामत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोणालाही वाटेल की मक्याच्या पानात ही जागा वेगळ्या घडणीची असेल, म्हणून रुमाल तेथे बसत नसेल. शास्त्रज्ञांनी ही शंका तपासून पाहिली. मक्याच्या पानांतून हरितकणू वेगळे काढून त्यांवर ॲट्राझीनचा प्रयोग केला, तेव्हा तेही इतर वनस्पतींच्या हरितकणूंइतकेच बंद पडले! म्हणजे जागा तीच आहे आणि रुमालही तोच. फरक आहे तो रुमाल तेथवर पोचतो की नाही, यात.

१९७० च्या सुमारास याचा उलगडा झाला. सजीवांच्या पेशींत ग्लुटाथायोन नावाचा, तीन अमिनो आम्लांचा बनलेला एक लहान रेणू असतो. त्यात गंधकाचा अणू असतो. ॲट्राझीनच्या रेणूत क्लोरीनचा एक अणू असतो. मक्याच्या पानातील एक वितंचक, म्हणजेच एन्झाइम, हा क्लोरीन काढून टाकते आणि त्या जागी ग्लुटाथायोनचा गंधक जोडून देते. एवढ्या मोठ्या लोढण्यासकट तो रेणू मग त्या जागेत शिरूच शकत नाही. पेशी त्याला आपल्या रिक्तिकेत, जणू अडगळीच्या खोलीत, ढकलून देते. ज्वारीतही हीच सोय आहे. शिवाय मक्याच्या मुळांत एक वेगळे द्रव्य असते. तेही ॲट्राझीनमधील क्लोरीन काढण्याचे काम थोडेफार करते.

तेव्हा लक्षात घ्या, तणनाशकाला तण आणि पीक यांतील फरक मुळीच कळत नाही. निवड करतो तो मका. आणि ही निवड केवळ वेगावर अवलंबून आहे. एका पिंपात नळाने पाणी पडते आहे आणि तळच्या भोकातून ते गळते आहे, अशी कल्पना करा. भोक मोठे असेल तर पिंप कधीच भरणार नाही. मक्याचे भोक चांगले मोठे आहे, माठाचे फार बारीक. तुरीचे आणि सोयाबीनचेही बारीकच. म्हणून ज्याने मक्यात तुरीचे आंतरपीक घेतले आहे त्याने हे "मक्याचे औषध" मारले, तर तूर हातची जाते. पुड्यावरचे मक्याचे चित्र पाहून फवारणाऱ्याला हे कोण सांगणार?

गुंठ्याचे गणित

भोक कितीही मोठे असले तरी नळ किती सोडायचा हे माणसाच्या हाती आहे. मक्यासाठी ॲट्राझीनचे प्रमाण हेक्टरी अर्धा ते एक किलो क्रियाशील द्रव्य असे सांगितले जाते. हलक्या जमिनीला कमी, भारी काळ्या जमिनीला जास्त, कारण काळी चिकण माती आणि तिच्यातील सेंद्रिय द्रव्य त्यातील बराच भाग धरून ठेवते. बाजारात मिळते ती ५० टक्क्यांची भुकटी. म्हणजे एक किलो द्रव्यासाठी हेक्टरी दोन किलो भुकटी, एकरी सुमारे ८०० ग्रॅम.

पण पंपात किती घालायची? ते फवारणाऱ्याच्या चालीवर आणि नोझलवर ठरते, म्हणून आधी साध्या पाण्याने मोजून पाहावे. एक गुंठा जमीन आखा. गुंठा म्हणजे जवळजवळ १०० चौरस मीटर. पंपात मोजून पाणी घ्या, नेहमीच्या चालीने तेवढा गुंठा फवारा आणि किती पाणी संपले ते पाहा. समजा, ५ लिटर संपले. एकराचे ४० गुंठे, म्हणून एकरी २०० लिटर. ८०० ग्रॅम भुकटी २०० लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ४ ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला ६० ग्रॅम. सातवी-आठवीचे त्रैराशिक आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी पंपाला "दोन झाकणे" किंवा "एक मूठ" अशी मापे चालतात आणि चाल मोजलीच जात नाही. चाल निम्मी झाली की जमिनीवर विष दुप्पट पडते. घरी शेती असलेल्या विद्यार्थ्याने हे एवढे गणित करून दिले तरी मोठे काम होईल.

आणखी एक गोष्ट. २५ अंश तापमानाला लिटरभर पाण्यात ॲट्राझीन विरघळते ते फक्त सुमारे ३३ मिलिग्रॅम. आपण तर लिटरला २ ग्रॅम क्रियाशील द्रव्य घातले, म्हणजे साठपट. तेव्हा पंपात असते ते द्रावण नव्हे, तर गढूळ निलंबन. ते हलवत राहिले नाही तर भुकटी तळाशी बसते आणि शेताच्या एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी अशी विभागणी होते.

थेंब किती जाड असावा?

मातीवर फवारताना थेंब चुकून कोठे गेला तरी फारसे बिघडत नाही, असे वाटेल. २,४-डी च्या बाबतीत मात्र फार बिघडते. उगवलेल्या मक्यात रुंद पानांच्या तणांवर ते मारतात, आणि खानदेशात मक्याच्या बांधाला लागून कपाशी असते. २,४-डी ला कपाशी विलक्षण हळवी आहे, द्राक्षवेलही तशीच. अगदी थोडा अंश जरी उडून आला तरी कपाशीची रुंद पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली आणि अरुंद होतात. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत यावरून भांडणे जुंपतात, आणि "मी तर माझ्याच शेतात मारलं" हे म्हणणाऱ्याचे खरेही असते.

हवेत पडणाऱ्या बारीक थेंबाचा वेग लवकरच स्थिर होतो, आणि स्टोक्सच्या नियमानुसार तो त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २० मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे धुक्यासारखा, थेंब सेकंदाला जेमतेम १.२ सेंटिमीटर खाली येतो. नोझल जमिनीपासून अर्धा मीटर उंच असेल तर त्याला खाली यायला ४० सेकंदांहून अधिक लागतात. तेवढ्यात सेकंदाला २ मीटर वेगाची साधी झुळूक त्याला ८० मीटर पलीकडे नेते! १०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे पाव मीटर वेगाने पडतो. तो चारेक मीटर वाहतो. ४०० मायक्रॉनचा थेंब (याला स्टोक्सचा नियम नीट लागू पडत नाही, तरीही) सेकंदाला दीड मीटरहून अधिक वेगाने येतो आणि पाऊण मीटरच्या आतच जमिनीला लागतो. म्हणून कीटकनाशकाचे धुके करणारे नोझल तणनाशकाला वापरू नये. पट्टा पाडणारे, जाड थेंबांचे नोझल वापरावे. पंपाचा दाब बेताचा ठेवावा, नोझल खाली धरावे आणि वारा कपाशीकडे वाहत असेल तर त्या दिवशी फवारूच नये.

हे वर्गात पाहता येते. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घ्या, तीत साध्या पाण्यात निळी शाई कालवा. जमिनीवर टीपकागदाचे तुकडे ओळीने मांडा आणि बाजूला टेबलफॅन लावा. तोटी कधी घट्ट, कधी सैल करून फवारा आणि प्रत्येक तुकड्यावर किती मोठे डाग किती दूर पडले याचा तक्ता करा. तणनाशकाच्या बाटलीला मात्र, ती रिकामी असली तरी, हात लावू नका.

किलोतला एक ग्रॅम

फवारलेले ॲट्राझीन पुढे जाते कोठे? जमिनीतील जीवाणू आणि रासायनिक क्रिया त्याचे विघटन करतात. त्याचे मातीतील अर्धायुष्य साधारण ६० दिवस धरतात. उष्ण व ओलसर जमिनीत ते कमी भरते, थंड व कोरड्या जमिनीत पुष्कळच वाढते. किरणोत्सर्गी पदार्थांचे अर्धायुष्य असे हवामानाप्रमाणे बदलत नाही, हा फरक ध्यानात ठेवावा. ६० दिवस धरले तर मका काढेपर्यंत, म्हणजे १२० दिवसांनी, किलोतले पाव किलो शिल्लक असते. त्या जागी लगेच गहू, हरभरा किंवा भाजीपाला घेणाऱ्याने हा हिशेब करायला हवा.

पाण्याचा हिशेब याहून नाजूक आहे. एक हेक्टरवर हंगामात एक मीटर पाऊस पडला, तर ते पाणी होते १०,००० घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर. युरोपात भूजलात कोणत्याही एका कीडनाशकाची किंवा तणनाशकाची मर्यादा आहे लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. एक कोटी लिटर पाणी या मर्यादेला पोचवायला द्रव्य किती लागेल? दहा लाख मायक्रोग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम. किलोतला केवळ एक ग्रॅम! शिवाय सगळा पाऊस काही जमिनीत मुरत नाही. मुरणारे पाणी जितके कमी, तितके द्रव्यही कमी पुरते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातील ॲट्राझीनची मर्यादा लिटरला ३ मायक्रोग्रॅम आहे. तेथे हाच हिशेब ३० ग्रॅमवर येतो. फवारणीनंतर लगेच मोठा पाऊस कोसळला तर शेकडा एक-दोन अंश वाहून जाणे मुळीच अशक्य नाही.

जर्मनीने १९९१ साली ॲट्राझीन बंद केले, आणि भूजलातील अंश वारंवार मर्यादेबाहेर आढळत असल्याने युरोपीय संघाने २००४ साली त्याला परवानगी नाकारली. अमेरिकेत आणि भारतात ते आजही वापरात आहे. बेडकांच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो असे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००२ साली मांडले, त्यावर बराच वाद झाला. माझ्या मते विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठाचा पट्टा न फवारता खुरपूनच घ्यावा. त्यासाठी वाद मिटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

तणही शिकते

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या एका रोपवाटिकेत वर्षानुवर्षे सिमाझीन आणि ॲट्राझीन वापरीत असत. तेथे ग्राउंडसेल नावाचे एक साधे तण फवारणीला जुमानीनासे झाले. १९७० साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. १९८३ साली एका रानमाठाचा अभ्यास झाला, आणि कारण हाती आले. ज्या प्रथिनात ती बसण्याची जागा असते, त्यातील २६४ व्या स्थानी सेरीनऐवजी ग्लायसीन हे अमिनो आम्ल आले होते. शेकडो अमिनो आम्लांच्या माळेत एक मणी बदलला, आणि रुमाल जागेवर टिकेनासा झाला.

याची किंमत तणाला मोजावी लागते. बदललेल्या जागेवर क्विनोनचा रेणूही पहिल्यासारखा नीट बसत नाही, इलेक्ट्रॉन सावकाश पुढे जातात, आणि विष नसलेल्या शेतात हे तण आपल्या साध्या भावंडांपुढे मागे पडते. पण दरवर्षी तेच विष पडत राहिले, तर साधी भावंडे उरतच नाहीत. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात तर आपल्या पेटारीच्या एका परदेशी चुलतबहिणीने चक्क मक्याचीच विद्या उचलली. तिच्या पानातील वितंचक ॲट्राझीनला ग्लुटाथायोन जोडू लागले. पिंपाचे भोक तिनेही मोठे करून घेतले.

आता मक्यात टेम्बोट्रायोनसारखी नवी तणनाशकेही वापरतात. त्यांची तऱ्हा वेगळी. ती तणाची पाने पांढरीफटक पाडतात. त्यांच्या घराण्याचा उगम मोठा मजेचा आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियात एका संशोधकाच्या लक्षात आले, की बाटली धुण्याच्या ब्रशासारख्या लाल फुलांच्या बॉटलब्रश झाडाखाली फारसे काही उगवत नाही. हे झाड आपल्याकडे बागांतून आणि शाळांच्या आवारांतून सर्रास असते. पण या नव्या रसायनांतूनही मका वाचतो तो त्यांचे विघटन झपाट्याने करतो म्हणूनच, आणि तीही दरवर्षी एकाच शेतात मारली तर तेथेही तोच इतिहास घडायला हरकत नाही. म्हणून रसायन आलटून-पालटून वापरावे, पीक बदलावे, आणि फवारणी झालेल्या शेतातही पंचवीस-तीस दिवसांनी एक कोळपणी जरूर करावी. त्या वेळी जे माठाचे रोप फवारणीतून वाचून ताठ उभे दिसेल, ते फुलावर येण्याआधी उपटावे. ॲट्राझीनला दाद न देणारा तो बदललेला मणी हरितकणूच्या डी.एन.ए.मध्ये असतो. माठात तो परागातून पसरत नाही. मातृरोपाकडून तिच्या बियांत उतरतो, आणि माठाचे एक रोप हजारो बिया टाकते.